जित्या माणसाला हात

साल एकोणीसशे अकरा. कोल्हापुरात इमामला सगळे ओळखत होते, आणि त्याची खरी अडचण हीच होती.

महाराजांनी मुसलमान पोरांसाठी बोर्डिंग काढलं, त्यात राहून तो मॅट्रिक झाला. दरबारची शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या मेडिकल स्कुलात गेला आणि एकदाही नापास न होता शेवटच्या वर्षापर्यंत पोचला. दुसऱ्या कुणाच्या पोरानं एवढं केलं असतं तर गल्लीनं त्याला डोक्यावर घेऊन मिरवलं असतं. पण लोकांच्या लेखी इमाम म्हणजे बादशहा घस्सालाचा पोरगा, आणि घस्साल म्हणजे मयताला शेवटची आंघोळ घालणारा माणूस.

आता हे काम काही हलकं नव्हे. मशिदीत सगळे म्हणायचे, बादशहाभाई मोठ्या सवाबाचं, पुण्याईचं काम करतो. म्हणायचे आणि त्याच्यापासून दोन हात लांब बसायचे. रस्त्यात सलाम जरूर करायचे, पण बादशहानं सलाम घेताना तोंडाकडं जरा जास्त वेळ पाहिलं की समोरचा घाईनं पाय उचलायचा. कुणाच्या घरी कुणी आजारी असलं तर बादशहा त्या गल्लीनं जायचाच नाही, लांबून वळसा घालायचा. घस्साल दारावरून गेला आणि म्हातारा दगावला, असं एकदा कुणी बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून त्यानं उभ्या जन्मात कुणा आजाऱ्याची चौकशी केली नाही. लग्नात जेवणं उरकल्यावर जायचा, दुवा देऊन परत यायचा.

त्यातून दस्तूर असा, की मयताच्या अंगावरचे कपडे घस्सालाला द्यायचे. इमामचं सगळं लहानपण त्या कपड्यांत गेलं. त्याची आई सुलतानबी जिवंत होती तोवर ती ते उकळून, उसवून, त्याच्या मापाचे करायची. पण कापड ते कापडच. एखादी म्हातारी रस्त्यात त्याच्या अंगावरचा सदरा बघून मध्येच थबकायची आणि पदराला डोळे पुसायला लागायची. इमामला कळायचं नाही आपलं काय चुकलं. शाळेतली पोरं त्याच्याशी भांडतसुद्धा नसत, आणि ज्याच्याशी कुणी भांडत नाही त्या पोराचं बालपण किती सुनं असतं हे दुसऱ्याला सांगून समजायचं नाही.

प्लेगच्या सालात बादशहाचा हाताखालचा माणूस गेला. दिवसाला पाच-पाच, सहा-सहा मयतं. तेव्हा दहा-अकरा वर्षांचा इमाम बापामागून पाणी घालायला जाऊ लागला. पुढं बाप दमला की तोही हात लावायचा. आधी मनगटं, मग तोंड, नाक, चेहरा, दाढी. मग डाव्या कुशीवर वळवून उजवं अंग, उजव्या कुशीवर वळवून डावं अंग. मग उठवून आपल्या छातीला टेकवायचं आणि पोटावरून हलक्या हातानं खाली हात फिरवायचा. सगळं मुक्यानं, ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणत. शेकडो वेळा केलेलं काम. पाढे विसरतील, पण हे विसरणार नाही, इतकं ते त्याच्या हातांत मुरलं.

पुण्यात पहिल्याच महिन्यात प्रेत चिरायच्या खोलीत नेलं, तेव्हा अर्धी पोरं भिंत धरून उभी राहिली आणि दोघं आडवी झाली. इमाम तेवढा शांत उभा होता. शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याची तारीफ केली. संध्याकाळी एका कोकणातल्या पोरानं कौतुकानं विचारलं, "तुला भीती कशी वाटली नाही रे?" इमामनं सरळ सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागला. त्यानं वाईट शब्द एकही काढला नाही. नुसता सरकला. पुण्याची माणसं सभ्य, सरकतात तीसुद्धा आवाज न करता. तीन वर्षं इमाम त्या बाकावर मधली जागा सोडून बसला, एकटा जेवला, एकटा हिंडला, आणि शरीरशास्त्रात पहिला आला.

आता एकच पायरी उरली होती. शाळेचा नियम होता की शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत विद्यार्थ्यानं सहा आठवडे आपल्या गावच्या दवाखान्यात काम करायचं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांसमोर एक रोगी डोक्यापासून पायापर्यंत तपासायचा आणि काय सापडलं ते तोंडी सांगायचं. डॉक्टरांना पटलं तर ते दाखला देणार. दाखला नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि मग परत कोल्हापूर, परत बादली आणि तांब्या.

एप्रिलात तो गावी आला आणि दरबारच्या दवाखान्यात रुजू झाला. पुरुषांच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर त्र्यंबकराव. उंच, सडसडीत, तोंडात शब्द मोजके. ते कुणाला ओरडत नसत आणि कुणाचे लाडही करत नसत. पहिले चार आठवडे त्यांनी इमामला पट्ट्या बांधायला, औषधं घोटायला आणि तापाचे आकडे लिहायला लावलं. पाचव्या आठवड्यात म्हणाले, "उद्या सकाळी पाच नंबरचा रोगी तपास. मी उभा राहतो."

पाच नंबरवर फक्रुद्दीन अत्तार होते. साठीचे, हिवतापानं खंगलेले, पण आता जरा सावरलेले. अत्तर, सुरमा, उदबत्ती विकायचे, आणि त्याच दुकानात मयताचा कापूर आणि कफनाचं कापडही ठेवायचे. त्यामुळं गावातल्या निम्म्या मयतांच्या आंघोळीला ते हजर असत, कापूर आपल्या हातानं द्यायचे. इमामला ते लहानपणापासून बघत होते. दवाखान्यात त्यांनी त्याला ओळखलं होतं, पण साहेबांच्या भीतीनं गप्प होते.

सकाळी इमाम त्यांच्या खाटेशी उभा राहिला. मागं त्र्यंबकराव, बाजूला वॉर्डाची आया चिमणाबाई. पुस्तकातलं सगळं इमामला तोंडपाठ होतं, पण पुस्तक पुण्यात राहिलं, आणि घाबरलेला माणूस हातांच्या हवाली होतो. त्याच्या हातांनी आपलं ओळखीचं काम सुरू केलं.

त्यानं फक्रुद्दीनचाचांची मनगटं धरली. मग तोंड उघडून पाहिलं, मग नाक, मग चेहऱ्यावरून हात फिरवून डोळ्यांच्या पापण्या, मग दाढीखालच्या गाठी. एक शब्द न बोलता. त्यांना डाव्या कुशीवर वळवलं आणि उजव्या अंगावरून खांद्यापासून पायापर्यंत हात नेला. फक्रुद्दीनचाचांच्या भुवया वर गेल्या. उजव्या कुशीवर वळवलं, डाव्या अंगावरून हात नेला. चाचा टक लावून बघू लागले. मग इमामनं त्यांना उठवून आपल्या छातीला टेकवलं आणि हलक्या हातानं पोटावरून हात खाली फिरवला. ओठ त्याचे हलत होते.

"या अल्ला!" फक्रुद्दीनचाचा असे ओरडले की पलीकडच्या वॉर्डातली माणसं दाराशी आली. "आंघोळ घालतोय की ह्यो मला! आरं जित्ता हाय मी! जित्ता हाय! डाक्टर, हटवा ह्येला, मला कापूर लावंल ह्यो आता!"

ते खाटेवरून उतरून, अंगावरचं धोतर एका हातानं धरत, थेट खिडकीपर्यंत पळाले. पंधरा दिवसांत त्यांना एवढं चालताना कुणी पाहिलं नव्हतं. चिमणाबाईला हसू आवरेना. बाकीच्यांना मात्र हसू आलं नाही. फक्रुद्दीनचाचांनी खिडकीशी उभं राहून, धापा टाकत, ह्यो कोण आणि ह्येचा बाप कोण, हे साऱ्या वॉर्डाला इत्थंभूत सांगितलं.

इमाम रिकाम्या खाटेशी उभा होता. आपण काय केलं हे त्याला तेव्हाच कळलं. त्याला आपलेच दोन हात परके वाटले आणि लाजेनं ते कुठं लपवावेत कळेना.

त्र्यंबकराव व्हरांड्यात त्याला म्हणाले, "हात चांगले आहेत तुझे. हलके आहेत. पण आज तू रोगी तपासलाच नाहीस. सुट्टी संपायला सहा दिवस आहेत. जो कबूल होईल तो रोगी तपास. जुलूम करून मी कुणाला तुझ्यापुढं झोपवणार नाही."

"व्हय साहेब."

पण कबूल कोण होणार? सात नंबरवर हातकणंगल्याचा गाडीवान ज्ञानू होता. बैलगाडीच्या चाकाखाली पाय सापडलेला, एरवी बडबड्या आणि दिलदार. आदल्या दिवसापर्यंत इमामकडूनच पट्टी बांधून घ्यायचा. आता त्यानं पाय चादरीत ओढून घेतला. "राग मानू नका पावणं," तो म्हणाला, "तुमचं काय वाकडं न्हाई. पर माझी बायकापोरं हाईत. मुडद्याला लागल्याला हात बरा न्हवं." कागलचा एक म्हातारा तर इमाम जवळून गेला तरी रामनाम जपू लागला. तिसऱ्यानं सांगितलं, मरायचंच असेल तर घरी मरीन. पाच दिवस इमाम रोज खाटेखाटेपाशी उभा राहिला, हळू आवाजात विचारलं, आणि पाचही दिवस सगळ्यांनी कानावर हात ठेवले. दुपारी तो औषधांच्या खोलीत बसून बाटल्या पुसायचा. बाटल्या पुसायला कुणाची परवानगी लागत नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला. कबरस्तानाला लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. बादशहा दारात बसून जेवणासाठी कांदा चिरत होता. बायको गेल्यापासून तोच रांधायचा. इमामची बहीण सलिमा गडहिंग्लजला दिली होती, ती सणासुदीला यायची. बाप आणि लेक, दोघंच. आणि दोघांनाही बोलायची सवय नव्हती. बापाचं काम मुक्याचं, लेकाचं आयुष्य एकट्याचं. जेवताना 'मीठ दे' आणि 'पाणी दे' याच्यापलीकडं त्या घरात शब्द खर्च होत नसे.

त्या दिवशी मात्र इमामनं सगळं सांगितलं. न सांगून करणार काय, उद्या शेवटचा दिवस होता. बादशहानं ऐकून घेतलं. फक्रुद्दीन धोतर धरून पळाला, तिथं आल्यावर तो हसायला लागला. गेल्या हिवाळ्यापासून त्याचा आवाज बसला होता, त्यामुळं हसणं खरखरीत निघालं. हसता हसता त्याचे डोळे पाणावले, आणि मग ते नुसतं हसण्याचं पाणी राहिलं नाही.

"माझ्या पायी झालं हे तुझं," तो म्हणाला.

"न्हाई अब्बा."

"न्हाई कसं? मीच शिकवलं हे हातांना." बादशहानं कांदा बाजूला ठेवला. "एक सांग. त्येला हात लावताना तू बोललास काय त्याच्याशी?"

"न्हाई."

"मग भ्यालं तर त्येचं काय चुकलं? आपण बोलत न्हाई, कारण समोरचा ऐकत न्हाई. जित्या माणसाशी बोलावं लागतंय, बाळ. कुठं दुखतंय, कवापासनं, झोप लागती का, असं काय तरी इचारायचं. मला काय ठावं, मी काय जित्याला कवा हात लावलाय?" त्यानं सुरी खाली ठेवली. "उद्या मी येतो दवाखान्यात."

"तुम्ही? तुम्हाला काय झालंय?"

"काय बी न्हाई. पर तुला एक माणूस पायजे न्हवं? मी तुला भिणार न्हाई, आणि तू बी मला भिणार न्हाईस. असा तिसरा कोण हाय कोल्हापुरात?"

बापानं इमामसाठी कधी काही मागितलं नव्हतं, कुणाच्या दारात उभा राहिला नव्हता. आणि आता तो जिथं आयुष्यात पाऊल टाकलं नाही अशा जागी, आजाऱ्यांच्यात, येतो म्हणत होता. इमामनं कांदा ओढून घेतला आणि चिरू लागला, म्हणजे डोळ्यांना निमित्त झालं.

सकाळी बादशहा आला तो न्हाऊन, धुतलेला फेटा बांधून, डोळ्यांत सुरमा घालून. वॉर्डाच्या दारात त्याचं पाऊल पडलं आणि खाटाखाटांवरची माणसं ताडकन उठून बसली. ज्ञानूनं चादर डोक्यावरून घेतली. कागलचा म्हातारा रामनाम विसरून नुसताच आ करून बघत राहिला. फक्रुद्दीनचाचांनी तोंड भिंतीकडं केलं आणि कलमा पढायला सुरुवात केली.

"आगं बया," चिमणाबाई म्हणाली, "कोण गेलं?"

"कोण न्हाई गेलं," बादशहा म्हणाला. बसका आवाज त्यानं चढवला. "भिऊ नका पावणं. आज मी गिऱ्हाईक म्हणून आलोय. माझं पोरगं तपासणार हाय मला."

दोघंतिघं हसले. चादरीतून ज्ञानूचं नाक बाहेर आलं. त्र्यंबकरावांनी चष्म्यातून बापाकडं पाहिलं, मग लेकाकडं, आणि रिकाम्या खाटेकडं बोट दाखवलं. बादशहा सदरा काढून खाटेवर आडवा झाला. ज्याला आयुष्यभर सगळे भ्याले तो माणूस सगळ्यांसमोर उघड्या अंगानं, हात जुळवून पडला होता. बरगड्या दिसत होत्या. माणसं हळूहळू माना उंचावून बघू लागली.

इमाम खाली वाकला. हात त्यानं मुद्दाम पाठीमागं धरले होते. "अब्बा," तो म्हणाला, "कुठं दुखतंय का?"

"न्हाई की."

"खरं सांगा. इथं खरं सांगायचं असतंय."

बादशहानं छताकडं पाहिलं. "छातीत वर जरा ठुसठुसतंय. वरीस झालं असंल. ओझं उचललं की."

"झोप लागती?"

"पयल्यांदा लागती. मग जाग येती."

"मग काय करता?"

"बसतो." त्याची नजर छतावरच होती. "तुझी आई आठवती. तू पुण्याला असतोस. मग भिंतीकडं बघत बसतो आणि काय."

इमामला हे काही माहीत नव्हतं. बावीस वर्षांचा झाला, त्याच छपराखाली वाढला, आणि बाप रात्री उठून भिंतीकडं बघत बसतो हे त्याला आज कळत होतं, वीस परक्या माणसांसमोर, कारण आजवर त्यानं कधी विचारलंच नव्हतं. तो विचारत गेला. बापही सांगत गेला. भूक, खोकला, पाण्यातलं काम, सांधे. आवाज कधी बसला? औंदाच्या थंडीत. गार पाण्याचं होतंय म्हणाला.

मग इमामनं हात लावला. बापाचा उजवा हात धरून नाडी पाहिली. ठणठणीत. बोटं आपोआप पुढच्या कामाला निघाली होती, त्यांना त्यानं थांबवलं आणि खाट ओलांडून डावा हात धरला. नाडी हाताला लागेना. त्यानं बोटं सरकवली. लागली, पण बारीक, आणि उजव्या हाताच्या मागून येणारी. दोन्ही मनगटं एकदम धरून पाहिली. एकाच माणसाच्या दोन हातांत दोन नाड्या चालल्या होत्या.

त्याला पुस्तकाचं पान आठवलं. पानाची बाजूही आठवली. मनात तो म्हणाला, नको. पण डोळे शिकलेले होते, ते छातीवर गेले. छातीच्या हाडाच्या डाव्या बाजूला, वरच्या बरगड्यांपाशी, काळजापासून वेगळं असं काहीतरी उडत होतं. त्यावर तळहात ठेवला, तर थरथर लागली. नळी लावून ऐकलं. तो आवाज त्यानं पुण्यात एकदा ऐकला होता, एका फौजी माणसाच्या छातीत, आणि तो माणूस पाचव्या दिवशी पाणी पिता पिता गेला. काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तशी फुगलेली. तिनंच आवाजाची नस दाबली होती. गार पाण्याचा त्यात काही संबंध नव्हता. आज फुटेल, नाहीतर सहा महिन्यांनी. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही.

इमाम नळी लावून वाकून राहिला. मान वर करायची त्याला हिंमत होईना. बापाच्या अंगाला उदबत्तीचा आणि साबणाचा वास येत होता.

"सांग," त्र्यंबकराव म्हणाले.

सांगायचं ते इंग्रजीत, तसा रिवाज होता. इमाम सरळ उभा राहिला. काही सापडलं नाही म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. म्हटलं की नापास, आणि नापास झाला म्हणून बापाचा रोग जाणार होता थोडाच. बाप खाटेवरून त्याच्याकडं बघत होता. लेक साहेबाच्या भाषेत बोलणार म्हणून त्याच्या डोळ्यांत एवढी हौस होती, की इमामला ती बघवेना. त्यानं नजर भिंतीवर लावली आणि बोलायला सुरुवात केली. वय, काम, तक्रार. दोन मनगटांतला फरक. छातीवरचं उडणं, थरथर, आवाज. घसा का बसला ते. शेवटी रोगाचं नाव. एवढं नीट, एवढं ओळीनं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

बादशहाला एक अक्षर कळलं नाही. तो मान हलवत होता. पलीकडच्या ज्ञानूकडं बघून त्यानं, ऐकतोस न्हवं, अशा अर्थानं भुवई उडवली.

त्र्यंबकराव पुढं झाले. त्यांनी दोन्ही नाड्या पाहिल्या, नळी लावली, आणि बराच वेळ ऐकलं. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "बरोबर," ते इमामला इंग्रजीत म्हणाले. "पास. मी इतक्या लवकर ओळखलं नसतं."

"पास?" बादशहा टुणकन उठून बसला. तेवढा शब्द कोल्हापुरात सगळ्यांना कळत होता. "पास झाला न्हवं, साहेब?"

"झाला."

वॉर्डात एकच गलका उठला. चिमणाबाईनं इमामची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. बादशहानं दोन्ही हात तोंडावरून फिरवून शुक्र मानला आणि सदरा अंगात घालता घालता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि माझं काय निघालं?"

त्र्यंबकराव इमामकडं वळले. "रोगी तुझा आहे," ते हळू म्हणाले, "तूच सांग." आणि ते दाखला लिहायला टेबलाकडं गेले. इमामला त्यांचा राग आला. मग कळलं की त्यांना आपल्याकडं बघायचं नव्हतं.

बाप वाट बघत होता. ज्यानं हजारभर मेलेले चेहरे धुतले, त्याचा चेहरा आता एखाद्या कुठल्याही रोग्यासारखा झाला होता. थोडा हसरा, थोडा भ्यालेला, डॉक्टरच्या तोंडाकडं लागलेला. इमामनं आजवर हा चेहरा फक्त दुसऱ्यांच्या खाटांवर बघितला होता.

"काय न्हाई, अब्बा," तो म्हणाला. "घसा गार पाण्यानं बसलाय. आणि भरलेल्या बादल्या उचलू नका आता. वय झालंय."

"बघा!" बादशहा वॉर्डाला उद्देशून म्हणाला. "मी म्हटलं न्हवतं? गार पाण्याचं हाय! ऐकलंस काय फक्रुद्दीन, मला काय बी झालं न्हाई. माझ्या पोरानं सोन्यासारखा हात लावला. तू उगंच धोतर धरून पळालास."

सगळे खदखदून हसले, आणि त्या हसण्यात काहीतरी सुटलं. घस्सालाला हात लावला आणि घस्साल ठणठणीत निघाला, एवढं त्यांना पुरेसं होतं. फक्रुद्दीनचाचा खाकरले. "मग मला बी बघ की," ते म्हणाले. "पर बोलत बोलत बघ बाबा. गप बसू नकोस." त्यांनी डावा हात पुढं केला.

इमाम त्यांच्या खाटेशी गेला. मग कागलच्या म्हाताऱ्यानं बोलावलं, मग तिसऱ्यानं. माणसं हात पुढं करत होती, जीभ दाखवत होती, कुशीवर वळत होती, त्याला इमाम डाक्टर म्हणत होती. हेच तर त्यानं मागितलं होतं, पुण्याच्या त्या बाकावर तीन वर्षं. तो एकेकाला विचारत होता, कुठं दुखतंय, कवापासनं, झोप लागती का. सगळे आनंदानं सांगत होते. त्यातला एकही शब्द त्याच्या मनापर्यंत पोचत नव्हता.

त्र्यंबकरावांनी सही केलेला दाखला त्याच्या खिशात घातला आणि खांद्यावर क्षणभर हात ठेवून ते निघून गेले. बादशहा घरी गेला नाही. दोघं मिळून जाऊ म्हणाला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगू लागला, आणि नवल म्हणजे माणसं थांबत होती. त्याच्याशेजारी टेकत होती. कुणीतरी त्याला पान दिलं. त्याचा तो बसका आवाज आत वॉर्डात स्पष्ट ऐकू येत होता.

दुपार कलली. आता एकटा ज्ञानू उरला होता. इमामनं त्याच्या पायाची पट्टी सोडली, जखम पाहिली, नवी पट्टी बांधली. छाती ऐकली, पोट चाचपलं. काही राहिलं नव्हतं. ज्ञानू संपला की उठायचं होतं, पायरीपाशी जायचं होतं आणि बापाबरोबर सगळ्या गावातून घरापर्यंत चालायचं होतं. रात्री समोरासमोर जेवायला बसायचं होतं. आणि आता बाप बोलणार होता, पुष्कळ बोलणार होता. इतक्या वर्षांनी त्याला कुणीतरी विचारणारं मिळालं होतं.

इमामनं ज्ञानूची नाडी परत धरली. जाड, उन्हातान्हातली, भरभरून चालणारी नाडी. त्यानं मोजली. परत पहिल्यापासून मोजली.

"डाक्टर," ज्ञानूचा आवाज बारीक झाला, "एवढं काय बघतायसा? काय वंगाळ हाय का?"

"न्हाई रे," इमाम म्हणाला. "तुला काय बी झालं न्हाई."

हे खरं होतं. तरी त्यानं हात सोडला नाही.